इंधन महागलं की डायव्हिंगच्या सहली कुठे जातील?

सागरवेडी

आमच्या डायव्हिंगच्या गटात हल्ली पुढच्या सीझनचा बेत ठरवायला बसलं की बोलणं माशांवरून सुरू होतं आणि पैशांवर येऊन अडतं. विमानाचं तिकीट, बोटीवर वेगळा मागितला जाणारा इंधन अधिभार, विमानतळापासून जेटीपर्यंतची गाडी, बेटावरच्या खोलीतला एसी, सगळ्याच्या मुळाशी तेलच आहे. म्हणून हा धागा काढतेय. आपापल्या भागातला अनुभव सविस्तर लिहा.

माझं मत आधीच सांगते. तेल महागल्याने डायव्हिंग बंद पडणार नाही. लांबचं डायव्हिंग आटेल आणि जवळचं फुगेल. मालदीव रद्द करणारा माणूस घरी बसत नाही, तो मालवणला नाहीतर मुरुडेश्वरला जातो. मालवणच्या खडकांना एवढी माणसं झेपणार आहेत का, याची मला तिकिटाच्या दरापेक्षा जास्त चिंता वाटते.

तेल नेमकं कुठे जळतं ते पाहू. पुष्कळांना वाटतं, टाक्या भरायलाच फार खर्च येत असेल. तसं नाही. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की तिच्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला १०० लिटर हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर ती २४ मिनिटांत भरतो. त्याची मोटर २.२ किलोवॅटची धरली तर एका टाकीला एक युनिटसुद्धा वीज लागत नाही. खरा खर्च विमानाचा आणि बोटीच्या इंजिनाचा. बेटांवर त्यात जनरेटरची भर. अंदमानातलं स्वराज द्वीप (जुनं हॅवलॉक) काय किंवा लक्षद्वीपची बेटं काय, बरीचशी वीज आजही डिझेल जाळून बनते आणि ते डिझेल जहाजाने येतं. म्हणजे दिवा, पंखा, टाकीतली हवा या सगळ्यांत तेलाचा दर आधीच मिसळलेला असतो. बिलावर दिसत नाही एवढंच.

विमानाचं म्हणाल तर भारतीय कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा सगळ्यात मोठा, साधारण ३० ते ४० टक्के. हे इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला भाव बदलतो. आता नकाशा बघा. मुंबईहून माले सरळ रेषेत साधारण १६५० किलोमीटर आणि श्री विजयपुरम, म्हणजे आपलं जुनं पोर्ट ब्लेअर, २३०० च्या घरात. शिवाय अंदमानला जाताना बहुतेकदा चेन्नई नाहीतर कोलकात्याला विमान बदलावं लागतं. म्हणजे इंधन महागलं की आपल्याच देशातलं अंदमान मालदीवपेक्षा जास्त भरडलं जातं. तिथे ज्यांनी कर्ज काढून डायव्ह शॉप उभी केली आहेत त्यांच्यासाठी जीव तुटतो.

जुलै २००८ मध्ये कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरवर गेलं होतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे पुन्हा १३० च्या वर. दोन्ही वेळा खाली आलं. पण भाव उतरला की अधिभार उतरतो का? बोटवाल्यांनी आणि लाइव्हअबोर्डवर, म्हणजे मुक्कामाच्या डायव्हिंग बोटींवर, काम केलेल्यांनी सांगावं.

मालवणचो_तांडेल

ताई, बरो विषय काढलंस. आमची बोट सीझनला स्कुबाला असते, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी.

आम्ही बोट लावतो तिथे पेट्रोल पंप नाही. सकाळी गावातल्या पंपावर कॅन भरायचे, रिक्षात घालायचे, वाळूतून खांद्यावर होडीपर्यंत न्यायचे, ऑइल मिसळायचं आणि मग इंजिनाची नळी जोडायची. मासेमारीच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तो रखडतो ही ओरड वेगळी. पर्यटकांच्या बोटीला तसलं काही नाही. पंपावर जो दर तोच आमचा दर.

आता तुमका खरा सांगतंय. गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगितला की ते शेजारच्या बोटीवर जातं. किनाऱ्यावर शंभर-दोनशे रुपयांवरून घासाघीस चालते. मग काही बोटवाले दर तोच ठेवतात आणि दुसरीकडून वाचवतात. दोन फेऱ्यांची माणसं एका फेरीत. पाण्यातला वेळ कमी. आणि लांबच्या चांगल्या खडकाऐवजी जवळचाच खडक, जिथे आधीच चार बोटी उभ्या असतात. दहा मिनिटांचं पेट्रोल वाचतं, पण त्या एका खडकावर सकाळपासून दुपारपर्यंत पाय पडतात आणि नांगर पडतात. बिस्किटं टाकून मासे गोळा करणारे आहेत ते वेगळेच.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं. पण रोजचा स्कुबा चालतो त्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. ताईने लिहिलंय ते आम्ही डोळ्यांनी बघतोय.

माझ्या मते पहिलं काम म्हणजे प्रत्येक जागेवर कायमचे बोये, म्हणजे तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे. बोयाला दोरी बांधली की इंजिन बंद. नांगरावर उभं राहिलं आणि वारा फिरला की नांगर घसरतो, परत इंजिन चालू करा, परत जागा धरा. त्यात पेट्रोल जातं आणि खाली प्रवाळ मोडतं ते कोणी मोजत नाही.

हिशेबी_मासा

तांडेल दादांनी मुद्द्याला हात घातला. मी मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाचा हिशेब मांडतो, म्हणजे दरवाढीने बोटवाला कुठे अडतो ते कळेल.

सोयीसाठी आकडे धरू. दोन आउटबोर्ड इंजिनं मिळून ताशी २५ लिटर. मुरुडेश्वरहून जाऊन-येऊन तीन तास. म्हणजे ७५ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर ७५०० रुपये. बोटीवर १२ डायव्हर असतील तर माणशी ६२५, सहाच असतील तर १२५०.

आता पेट्रोल एकदम १० रुपयांनी वाढलं असं समजा. फेरीमागे ७५० रुपये जास्त. भरलेल्या बोटीत माणशी ६३ रुपयेसुद्धा नाहीत. पण बोट अर्धी रिकामी गेली तर माणशी ६२५ रुपयांचा फरक पडतो, म्हणजे दहापट. मोकळी जागा महागड्या तेलापेक्षा कितीतरी महाग पडते.

यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. बोटवाले ‘किमान इतके जण असतील तरच फेरी’ हा नियम कडक करतील. आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या फेऱ्या आधी जातील. शनिवार-रविवारी मात्र बोट गच्च. एकट्याने सुट्टी काढून जाणाऱ्या डायव्हरला याचा फटका सगळ्यात आधी बसेल. गट करून, एका दिवशी, आधी पैसे भरून जाणाऱ्यांना फारसा बसणार नाही. विमानाचं गणित याहून वेगळं आहे, ते आपल्या हातात नाही. बोटीचं बऱ्यापैकी आहे.

खारा_वारा

मी काही वर्षं मालदीवमध्ये लाइव्हअबोर्डवर इन्स्ट्रक्टर होतो, म्हणून सागरवेडीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. अधिभार क्वचितच उतरतो. पहिल्या वर्षी तो बिलाच्या शेवटी डॉलरमध्ये वेगळा दिसतो. पुढच्या वर्षी मूळ भाड्यात मुरतो. मग पुन्हा तेल वाढलं की नवा अधिभार. त्यातच मालदीवने जानेवारी २०२५ पासून रिसॉर्ट आणि सफारी बोटींवरचा ग्रीन टॅक्स माणशी रोज ६ वरून १२ डॉलर केला आणि जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा जीएसटी १६ वरून १७ टक्के. म्हणजे सगळा दोष तेलावर टाकता येणार नाही.

लाइव्हअबोर्ड म्हणजे एक बोट नव्हे. राहायची मोठी बोट, कॉम्प्रेसर आणि टाक्या घेऊन सोबत चालणारी डायव्ह धोणी, आणि रात्रंदिवस घरघरणारे जनरेटर. पाहुणे झोपलेले असतात तेव्हाही एसी, शीतपेट्या, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र चालू. मालदीवमध्ये तेलाचा थेंब न थेंब आयात होतो.

तेल महागलं की कॅप्टन पहिल्यांदा काय करतो? वेग कमी करतो. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर तेवढ्याच अंतराला तेल जवळजवळ ३५ टक्क्यांनी कमी लागतं. म्हणून रात्रीचा प्रवास लांबतो आणि सकाळचा पहिला डायव्ह उशिरा होतो. हे कोणाला खटकत नाही. दुसरी पायरी मात्र खटकायला हवी. दक्षिणेकडच्या लांबच्या अटोलच्या, म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांच्या, फेऱ्या कमी होतात आणि सगळ्या बोटी अरी आणि वावू या जवळच्या अटोलच्या त्याच त्याच चॅनलवर येतात. एका मांटाभोवती (पंखांसारखे कल्ले असलेला प्रचंड मासा) तीन-तीन बोटींचे डायव्हर पाहिलेत मी. लहान मासे अंग साफ करतात त्या जागी मांटा थांबतो, हे घोळक्याने अंगावर जातात, तो निघून जातो, आणि मागून आलेल्यांना नुसतं निळं पाणी.

उलट मालदीवच्या दक्षिण टोकाकडचं फुवाहमुला बेट बघा. टायगर शार्कची जागा बंदराच्या तोंडाशीच. बोटीला तेल जवळपास लागतच नाही, पण तिथे पोहोचायला मालेहून आणखी एक विमान. प्रत्येक ठिकाणी तेल वेगळ्या जागी लपलेलं असतं. सहल ठरवताना ते कुठे आहे हे आधी शोधा, मग दर वाढला तर आपल्याला किती चटका बसेल ते कळतं.

पुढच्या काळात किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायच्या जागांना सोन्याचा भाव येईल, असं माझं ठाम मत आहे. कॅरिबियनमधलं बोनेअर, इजिप्तमधलं दहाब, बालीतलं तुलांबेन. तुलांबेनला लिबर्टी जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पडलंय. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, ते किनाऱ्याला लावलं, आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात पाण्यात सरकलं. तिथे बोट नाहीच. गावातल्या बायका डोक्यावर टाक्या घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावरून झपाझप चालतात, आपण नुसते फिन्स हातात घेऊन धडपडत मागे. तिथला पैसा तेलाला जात नाही, त्या गावात राहतो.

मस्कतकर

इथली गोष्ट थोडी वेगळी. ओमानमध्ये सरकारने २०२१ च्या अखेरीस पंपावरच्या दराला वरची मर्यादा घातली, त्यामुळे २०२२ मध्ये दैमानियत बेटांच्या बोटींचे दर फारसे हलले नाहीत. बेटं किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरच्या आत, १९९६ पासून संरक्षित, आणि जायला परवाना लागतो. पण त्याच वर्षी घरी मुंबईला यायच्या तिकिटाने मात्र घाम फोडला. आमच्याकडचे मराठी डायव्हर त्या काळात सुट्टीत भारतात येऊन अंदमान करायचं सोडून इथेच डायव्ह करत राहिले. जवळचं फुगतं म्हणतात ते हेच.

निळाई

मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. आपण सगळे प्रवाळ पांढरं पडतंय म्हणून हळहळतो आणि ते बघायला विमानाने हजारो किलोमीटर जातो. तेल स्वस्त राहावं अशी इच्छा मनापासून करवत नाही. पर्यायी विमान इंधन हे उत्तर म्हणून सांगितलं जातं. युरोपात २०२५ पासून २ टक्के मिश्रण सक्तीचं झालंय, २०३० ला ६ टक्के. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का आणि २०३० ला ५ टक्के असं लक्ष्य ठेवलंय. पण ते इंधन साध्या इंधनापेक्षा दुपटीहून महाग. म्हणजे उद्या कच्चं तेल उतरलं तरी तिकीट जुन्या दराला येणार नाही.

म्हणून माझा आग्रह रेल्वेचा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मालवणसाठी कुडाळ, नेत्राणीसाठी मुरुडेश्वर किंवा भटकळ. रात्री बसा, सकाळी उतरा. डिझेलचा भाव काय आहे याच्याशी तुमच्या तिकिटाचा थेट संबंध नाही.

आणखी एक फायदा कोणी बोलत नाही. डायव्हनंतर विमानात बसण्याआधी थांबायचं असतं, नाहीतर उंचीवर दाब कमी झाला की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो; एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर १८. या शिफारशी ६०० ते २४०० मीटर उंचीच्या हिशेबाने आहेत. आंबोली ६९० मीटरवर आहे! म्हणजे मालवणला दुपारी शेवटचा डायव्ह करून संध्याकाळी गाडीने आंबोली घाट चढणारे कोल्हापूर-पुण्याचे लोक नकळत तोच धोका घेतात. मुंबईची रेल्वे किनाऱ्याकिनाऱ्याने खालूनच जाते. पुणेकरांनो, घाट चढण्याआधी रात्र खालीच काढा.

सागरवेडी

निळाई, आंबोलीचं फार महत्त्वाचं लिहिलंस. आमच्या गटाच्या सूचनांमध्ये आजच घालते.

तेल महाग होणं आणि तेल न मिळणं यातला फरक श्रीलंकेने दाखवला. २०२२ च्या जून-जुलैत तिथे पंपांवर मैलभर रांगा होत्या, शेवटी क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा आला. पूर्व किनाऱ्याचा, म्हणजे त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआचा सीझन नेमका तेव्हाच असतो. तिथे १९४२ मध्ये बुडालेली हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू नौका पाहायला जगभरातून तांत्रिक डायव्हर, म्हणजे खास साधनं घेऊन खूप खोल उतरणारे, येतात. अशा वेळी पैसे मोजायची तयारी असूनही काही उपयोग नसतो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सुरक्षेतल्या काटकसरीची. समुद्रावर जुना ठोकताळा आहे. एक तृतीयांश तेल जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. महागाईत ही राखीव टाकी सगळ्यात आधी आखडते, कारण ती दिसत नाही. प्रवाहाने डायव्हर लांब वाहून गेला तर त्याला शोधायला नेमकं तेच तेल लागतं. तसंच, गट पाण्यात असताना बोटीवर एक जाणता माणूस आणि ऑक्सिजनचा संच हवाच. बोटीत पाय ठेवण्याआधी या गोष्टी विचारा. विचारायला लाजू नका. आणि अधिभार मागितला तर तो पावतीवर वेगळा लिहून घ्या. मी चार पैसे जास्त देईन, पण ते कशाचे ते मला कळलं पाहिजे. मुकाट्याने राखीव टाकी रिकामी ठेवून स्वस्त फेरी देणारा मला नको.

मालवणचो_तांडेल

राखीव तेलाचं बरोबर. आमचे आजोबा शिडाच्या होडीवर होते, त्यांना वाऱ्याचा भरवसा होता. आता इंजिन बंद पडलं की वल्ही मारून स्कुबाची भरलेली बोट आणता येत नाही.

लाटेवर

प्रश्न: या सगळ्यात आंग्रिया बँकेचं, म्हणजे कोकणासमोर भर समुद्रात बुडालेल्या प्रवाळ पठाराचं, काय? तिथे डायव्हिंग सुरू होणार अशी चर्चा अधूनमधून होते.

खारा_वारा

विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर. दहा नॉटने गेलात तर एका बाजूला सहा तासांच्या आसपास. म्हणजे मोठी बोट, रात्रीचा मुक्काम, भरपूर राखीव तेल. शिवाय तिथला माथाच वीस मीटरहून खोल, नवशिक्यांचं काम नाही. तेल महागेल तसं ते आणखी लांब जाईल. खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद आहे. आधी संरक्षण, मग पर्यटन.

हिशेबी_मासा

जवळच्या जागा वाढवणं हा दुसरा मार्ग. नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका आयएनएस गुलदार फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे सोपवली गेली, निवती रॉकजवळ बुडवून कृत्रिम रीफ करायची योजना तेव्हा ठरली. मालवणच्या खडकांवरची थोडी गर्दी तिकडे वळली तर बरंच. फक्त बोये आणि माणसांची मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी.

बोटींच्या बाबतीत केरळकडे पाहा. वैकमला ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून चालते, ७५ प्रवासी. नेत्राणीच्या उघड्या समुद्रात बॅटरीची बोट आज जमेलसं वाटत नाही. पण मालवण किनारा ते सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे खडक एवढ्या छोट्या फेरीला का जमू नये? मधे इंजिन बंद करून तासभर उभंच राहायचं असतं. मेरीटाइम बोर्डाने आणि एमटीडीसीने तारकर्लीला एखादी बोट चालवून तरी बघावी.

मालवणचो_तांडेल

बॅटरी खाऱ्या पाण्यात किती टिकते आणि किंमत किती, एवढं कळलं तर पहिली बोट आमची लावू. कॅन खांद्यावर न्यायला कोणाला हौस नाही.

हिशेबी_मासा

हिशेबावरून एक प्रत्यक्ष प्रस्ताव. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, नेत्राणी. आठवड्याच्या मधला दिवस मुद्दाम घेतलाय. १२ जण झाले तरच बोट सांगायची, पैसे आधी, अधिभार पावतीवर वेगळा. रेल्वेने जायचं. नाव, किती जागा आणि शेवटचा डायव्ह कधी केला ते इथेच लिहा.

निळाई

एक जागा. शेवटचा डायव्ह गेल्या मे महिन्यात, मालवण.

लाटेवर

दोन जागा, मी आणि भाऊ. भावाचा कोर्स नुकताच झालाय, त्याच्याबरोबर डायव्हमास्टर (पाण्यातला वाटाड्या) लागेल.

सागरवेडी

माझी एक. ऑक्सिजनच्या संचाचं मी बोटवाल्याला फोन करून विचारते आणि इथे कळवते.